नळाची चकती

रात्रीचे अकरा वाजून रस्त्यावरची वर्दळ ओसरली, की बंगळूरच्या चामराजपेटेतील एखाद्या जुन्या घरात एक आवाज ऐकू येऊ लागतो. तो दिवसभर असतोच. पण दिवसा त्याला कोणी विचारीत नाही. मोरीतल्या पितळी नळातून थेंब खालच्या बादलीत पडत असतो. एक पडला, की मन पुढच्याची वाट पाहू लागते. घरातले वडीलधारे गृहस्थ कूस बदलतात, उठतात, मोरीत जाऊन सर्व बळानिशी नळ आवळतात आणि परत येऊन निजतात. थेंब थांबतो. पंधरवड्यानंतर तेवढ्या जोराने तो थांबत नाही, म्हणून आणखी जोर लावला जातो. तोही अपुरा पडला, म्हणजे सूनबाई नळाच्या तोंडाला चिंधी बांधून तिचे टोक बादलीत सोडते. पाणी चिंधीवरून मुकाट्याने खाली उतरते, आवाज तेवढा बंद होतो, आणि प्रश्न सुटला असे घरातल्या सर्वांनाच वाटते.

हे घर मराठी असण्यात नवल नाही. १६३८ साली विजापूरच्या फौजेने केंपेगौडाकडून बंगळूर जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, तेव्हापासून या गावात मराठी बोलणारी घरे आहेत. पुढे नोकरीच्या आणि व्यापाराच्या निमित्ताने आणखीही आली. या घरांत कानडीचा शेजार इतका जुना आहे, की नळाला आजोबा ‘नळ’ म्हणतात आणि नातू खुशाल ‘नल्ली’ म्हणतो. दोघांनाही दोन्ही कळते.

चामराजपेटेचे आणि नळाच्या पाण्याचे नातेही तसे जवळचे आहे. जुन्या पेठेच्या तटाबाहेर ही वस्ती १८९२ मध्ये आखली गेली आणि म्हैसूरचे राजे चामराजेंद्र वडियर यांचे नाव तिला मिळाले. दोनच वर्षांनी, दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या कारकीर्दीत, अर्कावती नदीवर हेसरघट्ट्याचा तलाव बांधला गेला. तेथून बंदिस्त मार्गाने शहराला पाणी पुरविण्याच्या योजनेलाही चामराजेंद्रांचेच नाव होते. राजाचे मात्र त्याच १८९४ च्या डिसेंबरात कलकत्त्यास निधन झाले. तोवर शहराची तहान धर्मांबुधी, संपंगी यांसारखे तलाव आणि घरोघरच्या विहिरी भागवीत होत्या. धर्मांबुधीच्या जागी आज मुख्य बसस्थानक आहे आणि संपंगीच्या जागी क्रीडागार. १९३३ साली तिप्पगोंडनहळ्ळीचे धरण झाले, आणि १९७४ मध्ये कावेरी शहरात आली. आज शहराची मुख्य भिस्त तिच्यावरच आहे.

कावेरी ‘आली’ म्हणणे सोपे, पण ती आपल्या पायांनी आलेली नाही. बंगळूर डोंगरमाथ्यावर वसलेले, नदी खाली. मंड्या जिल्ह्यातील तोरेकाडनहळ्ळी येथे पाणी शुद्ध होते आणि तेथून हारोहळ्ळी व तातागुणी असे टप्पे घेत, सुमारे शंभर किलोमीटर अंतर कापून आणि सुमारे पाचशे मीटर चढून, ते शहरात पोहोचते. हा सारा चढ पंपांनी चढवावयाचा. मग ते घराच्या तळातील टाकीत पडते, पुन्हा एका पंपाने गच्चीवरच्या टाकीत जाते, आणि एवढा प्रवास करून अखेर मोरीतल्या चिंधीवरून ओघळते.

ते किती ओघळते, हे पाहावयाचे असेल तर श्रोत्यांनी पाव लिटरचे माप नळाखाली ठेवून घड्याळ पाहावे. पंधरा मिनिटांत माप भरले, तर तासाला एक लिटर झाले, दिवसाला चोवीस आणि वर्षाला आठ हजार सातशे साठ. भारतीय मानकाप्रमाणे शहरातील माणसाला दिवसाकाठी १३५ लिटर पाणी लागते असे धरतात. म्हणजे एका माणसाचे पासष्ट दिवसांचे पाणी. पंप आणि नळमार्ग यांत काहीच वाया जात नाही असे मानले, तरी एवढे पाणी पाचशे मीटर चढविण्यास बारा युनिट वीज लागते, आणि वाया तर पुष्कळच जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळुरात कूपनलिका आटल्या, टँकरभोवती घागरी जमल्या, आणि जलमंडळाने पिण्याच्या पाण्याने मोटारी धुण्यास व बागा शिंपण्यास मनाई करून ५,००० रुपये दंड ठरविला. त्या वर्षाच्या ऑक्टोबरात कावेरीचा पाचवा टप्पा सुरू झाला; त्याची क्षमता दिवसाला ७७ कोटी ५० लाख लिटर. रस्त्यावर मोटार धुणारा शिपायाच्या नजरेस पडतो. मोरीतली चिंधी कोणाच्या नजरेस पडावी?

आता त्या आवळण्याकडे वळू. आजोबांचा हेतू चांगला होता यात शंका नाही. परंतु नळ खरा बिघडविला तो त्यांनीच. पेच फिरवून बंद होणारा हा नळ इंग्लंडातील रॉदरहॅमच्या गेस्ट आणि क्राइम्स या पितळकामाच्या कारखान्याने १८४५ च्या सुमारास बाजारात आणला, आणि तेव्हापासून त्याची मूळ रचना बदललेली नाही. नळाच्या पोटात पाणी वर येण्याचे एक गोल भोक असते. त्याच्या कडेला बैठक म्हणतात. मूठ फिरविली की आट्यांचा दांडा खाली उतरतो आणि त्याच्या टोकाशी असलेली मऊ चकती, म्हणजे आपले ‘वायसर’, बैठकीवर दाबून बसवितो. पाणी अडते ते पितळाने नव्हे, या चकतीच्या मऊपणाने. रोजच्या दाबाने चकतीला खाच पडते, ती टणक होते, चिरते, आणि त्या चिरेतून थेंब वाट काढतो. अशा वेळी मूठ आवळली, की निबर चकती आणखी चिरडते. तिचा चुरा झाला, म्हणजे तिच्यामागची पितळी टिकली थेट पितळी बैठकीवर घासू लागते. बैठकीला एकदा चरा पडला, की नवी चकतीही तेथे नीट बसत नाही. दोन-पाच रुपयांचे दुखणे अशा रीतीने सबंध नळावर जाते.

या चकतीचा थोडा इतिहासही सांगण्याजोगा आहे. पूर्वी ती चामड्याची असे. म्हणूनच आपल्याकडील अनेक कर्मठ घरांत नळाचे पाणी सोवळ्यात चालत नसे. देवपूजेला विहिरीचेच पाणी लागे. जी गोष्ट एके काळी धर्मसंकट होऊन बसली होती, तिची आज आठवणही कोणास नाही. चकती रबराची झाली आणि विहिरी बुजल्या.

ती बदलण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे. मात्र प्रथम गळती कोठून आहे ते पाहावे. बंद नळाच्या तोंडातून थेंब पडत असेल, तर दोष चकतीचा किंवा बैठकीचा. नळ चालू असताना मुठीखालून, दांड्याभोवती पाणी झिरपत असेल, तर चकतीला हात लावण्याचे कारण नाही. तेथला लहान नट किंचित आवळावा, आणि तेवढ्याने भागले नाही तर दांड्याभोवती ग्रीस लावलेला सुती दोरा नव्याने गुंडाळावा. नळ भिंतीशी जोडतो तेथे पाणी दिसत असेल, तर आट्यांवरचा टेफलॉनचा फितीबंद ढिला झालेला असतो.

चकतीचाच दोष ठरला, तर गच्चीवरच्या टाकीची चावी बंद करावी आणि तोच नळ उघडून उरलेले पाणी जाऊ द्यावे. हे न करता डोके उघडणारे वीर घराघरांत होऊन गेले आहेत. त्यांच्या कथा ओल्या कपड्यांनिशी सांगितल्या जातात. मोरीच्या भोकावर फडके टाकावे, नाहीतर नेमका लहान नट तेथेच नाहीसा होतो. एका पान्याने नळाचे अंग धरावे व दुसऱ्याने डोक्याचा नट डावीकडे फिरवावा. अंग धरण्याचे हे बंधन जुन्या घरात विशेष पाळावे. भिंतीतील लोखंडी नळी कित्येक वर्षांची, आतून गंजलेली असते. नुसत्या डोक्याला हिसका दिला, तर नट न सुटता नळीच भिंतीत तुटते, आणि मग प्लंबरच्या आधी गवंडी बोलवावा लागतो. दोन्ही पाने धरूनही नट हलत नसेल, तर हट्ट सोडून जाणत्या माणसास बोलावण्यात कमीपणा काहीच नाही.

डोके निघाले की जुनी चकती काढून ती दुकानात न्यावी व तिच्या मापाचीच आणावी. अंदाजाने आणलेली हटकून एका दोऱ्याने चुकते. बैठकीवरून बोट फिरवावे. ती गुळगुळीत लागली तर काम झाले. खरखर लागली तर ती घासून सपाट करण्याचे हत्यार कारागिराजवळ मिळते. डोके परत बसविताना मूठ उघडी ठेवावी, म्हणजे नवी चकती बसतानाच चेंगरत नाही.

खोल चरा पडलेली बैठक, झिजलेले आटे किंवा तांबूस व ठिसूळ होऊ लागलेले पितळ दिसले, तर मात्र नळ बदलणे हाच उपाय. बाजारात आता पाव फेऱ्यात उघडणारे, आत चिनी मातीच्या दोन घोटीव चकत्या असलेले नळ मिळतात. ते हाताला हलके असतात आणि पुष्कळ दिवस टिकतात. पण वाळूचा कण त्या चकत्यांत शिरला, की सुटी चकती बदलून भागत नाही, आतला सबंध भागच नवा आणावा लागतो. आणि तो एका कारखान्याचा दुसऱ्याला बसेलच असे नाही. कूपनलिकेचे जड, गाळमिश्रित पाणी येणाऱ्या घरात जुना पेचाचा नळच अधिक सोशिक म्हणावा लागेल. दिसण्यात तो ओबडधोबड असेल, पण त्याचे औषध कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते.

चामराजपेटेतील त्या घरी बैठक शाबूत निघाली. एका रविवारी सकाळी नवी चकती बसली, चिंधी गेली, आणि दोन बोटांनी नळ बंद होऊ लागला. त्या रात्री आजोबा सवयीने उठून मोरीत गेले आणि त्यांनी मुठीला हात घातला. आतून सूनबाईचा आवाज आला, ‘‘मामंजी, हळू हं.’’

‘‘नुसता पाहतो आहे,’’ ते म्हणाले, आणि दिवा मालवून परत आले.