आपत्ती निवारण आणि साखळी करवतीची लांबी



आपत्ती व्यवस्थापनाचा अभ्यास करताना आपण कायदे आणि यंत्रणांची स्थापनावर्षे पाठ करतो. १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर ओडिशाने २००१ मध्ये आपले आपत्ती शीघ्र कृती दल उभारले. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल अस्तित्वात आले. वादळ ओसरल्यावर या दलांच्या जवानांना प्रथम भिडावे लागते ते रस्त्यावर आडव्या पडलेल्या वृक्षांना. मे २०१९ मध्ये ‘फनी’ने भुवनेश्वर-पुरी परिसरात, तर मे २०२० मध्ये ‘अम्फान’ने कोलकात्यात हजारो झाडे उन्मळून पडली. रुग्णवाहिका आणि वीजदुरुस्तीची पथके यांची वाट मोकळी होते ती साखळी करवतीने. म्हणूनच या करवतीची निवड हा नियोजनाचा विषय ठरतो.

ज्या पोलादी पट्टीभोवती दातेरी साखळी फिरते, तिची उपयुक्त लांबी करवतीच्या धडापासून टोकापर्यंत मोजतात. सर्वसाधारण संकेत असा की, पट्टी बुंध्याच्या व्यासापेक्षा सुमारे ५ सेंटिमीटर अधिक लांब असावी. फांद्यांसाठी ३० ते ३५, मध्यम बुंध्यांसाठी ४० ते ४५ आणि जाड खोडांसाठी ५० ते ६० सेंटिमीटरची पट्टी सामान्यतः वापरतात.

मग सर्वांत लांब पट्टी घेतली की काम भागेल का? नाही. पट्टीची लांबी इंजिनाच्या शक्तीशी जुळावी लागते. ४० सेंटिमीटरच्या पट्टीला सुमारे ४० सीसीचे इंजिन पुरते. ६० सेंटिमीटरच्या पट्टीला साधारणतः ७० सीसीच्या आसपासचे किंवा त्याहून मोठे इंजिन लागते. दुर्बळ इंजिनावर लांब पट्टी चढवली, तर साखळी मंदावते, यंत्र तापते आणि चालक ते जोराने रेटू लागतो. शिवाय पडलेल्या झाडाच्या फांद्यांच्या जंजाळात लांब पट्टीचे टोक नजरेआड राहते. टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकताच करवत क्षणार्धात चालकाच्या दिशेने उसळते. यातून होणारी इजा प्राणघातकही ठरू शकते. याउलट, प्रशिक्षित चालक ४५ सेंटिमीटरच्या पट्टीने दोन्ही बाजूंनी छेद घेऊन सुमारे ८० सेंटिमीटरचे खोडही कापू शकतो. मात्र खोडाची कोणती बाजू दाबाखाली आणि कोणती ताणाखाली आहे, हे त्याला आधी ओळखता आले पाहिजे. दाबाखालील बाजूस प्रथम मर्यादित छेद घ्यावा आणि नंतर ताणाखालील बाजू कापावी, हा नियम आहे.

यातून प्रशासनाने घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. केवळ करवतींची संख्या म्हणजे सज्जता नव्हे. वनखात्यात वृक्षाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजतात, त्यास ३.१४ ने भागले की व्यास मिळतो. दीड मीटर घेराचा वृक्ष म्हणजे सुमारे ४८ सेंटिमीटर व्यास. किनारी जिल्ह्यांतील रस्त्यांलगतच्या वृक्षांची अशी नोंद पावसाळ्यापूर्वीच केली, तर कोणत्या पथकास कोणती पट्टी द्यावी, हे कागदावर ठरवता येईल. जोडीला शिरस्त्राण, पायांचे संरक्षक कवच आणि प्रशिक्षण अनिवार्य हवे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९८ च्या वनकाम सुरक्षा संहितेचाही भर प्रशिक्षण आणि संरक्षक साधनांवर आहे.

मित्रहो, उद्या आपल्यापैकी काहीजण जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यावर स्वाक्षरी करतील. साधनसामग्रीच्या यादीत ‘करवत’ हा शब्द दिसताच एक प्रश्न अवश्य विचारा : कोणत्या बुंध्यासाठी, आणि कोणाच्या हाती? या प्रश्नाच्या उत्तरावर रस्त्याइतकेच जवानाचे आयुष्यही अवलंबून आहे.