शब्दशोधक कोसळतो तेव्हां

पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत १९४८ सालीं डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनीं संस्कृत महाकोशाचें काम हातीं घेतलें. सुमारें दीड हजार ग्रंथांतील शब्द चिठ्ठ्यांवर उतरविण्यांत आले आणि चिठ्ठ्यांची संख्या १ कोटीच्या घरांत गेली. पहिला भाग प्रसिद्ध होण्यास १९७६ साल उजाडलें. एखादा शब्द अमुक ग्रंथांत आहे कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं अभ्यासकाला चिठ्ठ्यांचा खण उघडावा लागे. खण उघडला नसतांना ‘शब्द नाहीं’ असें म्हणण्याची सोय त्यांत नव्हती.

संगणकावर हेंच काम ‘ग्रेप’ नांवाचा एक लहानसा प्रोग्रॅम निमिषांत करतो. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्पसन यांनीं तो रचला आणि १९७३ सालीं तो यूनिक्समध्यें दाखल झाला. त्याला चित्रें नाहींत, बटणें नाहींत. कमांड लाइनवर शब्द आणि फाईलचें नांव लिहावें, कीं तो शब्द असलेल्या ओळी पडद्यावर येतात.

परंतु हा शोधक कधीं कधीं मध्येंच कोसळतो आणि ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढेच शब्द उमटतात. प्रोग्रॅमनें आपल्या वाट्याची नसलेली स्मृति चाचपली व संगणकानें त्याला तेथेंच थांबविलें, असा त्याचा अर्थ. यांत फाईलचें कांहीं बिघडत नाहीं. धोका निराळाच आहे. काम संपतांना ग्रेप एक अंक मागें ठेवतो : ० म्हणजे सांपडलें, १ म्हणजे सांपडलें नाहीं, २ म्हणजे चूक झाली. तो असा कोसळल्यास लिनक्सवर बहुधा १३९ हा अंक दिसतो. शेंकडों फाइली तपासणारी एखादी आज्ञावली ‘शून्य नाहीं, त्या अर्थीं शब्द नाहीं’ असें धरून चालली, तर न वाचलेला ग्रंथहि वाचल्याच्या यादींत जातो. म्हणून प्रथम अंक पाहावा.

त्यानंतर आवृत्ति पाहावी. ग्नू ग्रेपच्या २.१९ ते २.२१ या आवृत्ति साध्या ठराविक शब्दाचा शोध घेतांना विशिष्ट मजकुरावर कोसळत, २.२२ मध्यें तो दोष दूर झाला. २.११ पूर्वींच्या आवृत्तींना दोन अब्ज बाइटांहून लांब ओळ झेपत नसे. संपूर्ण संग्रह एकाच ओळींत सांठविणाऱ्यांना हें ठाऊक असावें.

आवृत्ति नवी असूनहि दोष राहिला, तर फाईलचे दोन भाग करावे, आणि जो भाग शोधकाला पाडतो त्याचे पुन्हा दोन. हजार ओळींतून दोषी ओळ गांठण्यास दहा वेळां विभागणी पुरते. शोधाचा सांचा गुंतागुंतीचा असल्यास त्याचाहि एकेक तुकडा काढून पाहावा. कंसांत कंस फार खोल गेले, तर स्मृति अपुरी पडते. उरलेला लहानांत लहान नमुना आवृत्तीच्या क्रमांकासह प्रोग्रॅमच्या कर्त्यांकडे पाठवावा. ‘चालत नाहीं’ या तक्रारीपेक्षां असा नमुना त्यांना कितीतरी उपयोगी पडतो.

मराठी मजकुराची आणखी एक अडचण आहे. पुण्यांत १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅकच्या प्रणालींमुळें भारतीय लिपींसाठीं इस्की संकेत प्रचारांत आला. १९९१ सालीं त्याला भारतीय मानकाचें रूप मिळालें. त्यांत ‘पुणे’ हा शब्द ४ बाइटांत मावतो. आजच्या यूटीएफ-८ संकेतांत त्याला १२ बाइट लागतात. नव्या संकेतांत लिहिलेला शब्द जुन्या फाईलींत शोधला, तर शोधक कोसळत नाहीं. शांतपणें १ हा अंक देतो. शब्द तर तेथें असतोच! अशा फाइली आधीं नव्या संकेतांत उतरवून घ्याव्या.

कोसळलेला शोधक निदान आपलें काम अपुरें राहिल्याचें सांगतो. चुकीच्या संकेतांत शोधणारा तेवढेंहि सांगत नाहीं. म्हणून ‘नाहीं’ हें उत्तर मान्य करण्यापूर्वीं, फाईलींत हटकून असलेला एखादा शब्द शोधून पाहावा; तो सांपडला, तरच खण उघडला असें समजावें.