खर्जाचा आवाज



कवीला आकाशवाणीवर बोलावले की तो कवितेवर बोलणार, असे आपण धरून चालतो. आज मी बेस गिटारबद्दल आणि तिच्या पोटात बसवायच्या एका छोट्या सर्किटबद्दल बोलणार आहे. त्या सर्किटला प्रीअँप म्हणतात. आमच्या घरात त्यावरून महिनाभर वाद चालला होता, म्हणून मला हा विषय शिकावा लागला.

आमच्या कर्जत-खालापूरकडे लग्नसराईत हळदीची रात्र मोठी, आणि हळद म्हटली की बेंजो आलाच. टाइपरायटरसारखी बटणे असलेले हे तंतुवाद्य मूळचे जपानचे. नागोया शहरात 1912 साली गोरो मोरिता यांनी ते बनवले. आपल्याकडे ते बुलबुल तरंग झाले, पुढे त्याला पिकअप लागला आणि ते मिरवणुकीत गाजू लागले. रवी जाधव यांनी 2016 साली या वादकांवर हिंदी चित्रपटही काढला. बेंजो पार्टीत बेंजोबरोबर कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोल असतात. एखाद्या पार्टीत बेस गिटारही असते. ती वाजते तेव्हा फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ती थांबली की मात्र गाण्याखालची जमीन सरकल्यासारखे वाटते.

माझे थोरले बंधू ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचे. ते गेल्यावर गिटार खोळीत घालून कपाटावर ठेवलेली होती. पुतण्याने ती काढली आणि एका बेंजो पार्टीत वाजवायला लागला. तिसऱ्या-चौथ्या हळदीनंतर तोंड पाडून आला. म्हणाला, “चाचा, माझा आवाजच पुढे येत नाही. प्रीअँप बसवायचाय. त्यासाठी मागून लाकूड कोरावं लागेल.” वहिनींनी एका वाक्यात विषय संपवला, “त्यांच्या गिटारीला छिन्नी लावायची नाही.” मग दोघेही माझ्याकडे बघू लागले.

काय कोरायचे आणि कशासाठी, हे कळल्याशिवाय मी कोणाची बाजू घेणार? आम्ही दोघे खोपोली लोकल पकडून एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. गृहस्थांनी उभे आयुष्य रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त केलेले.

त्यांनी सांगितले ते असे. गिटारच्या तारेखाली पिकअप असतो. चुंबक आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत अगदी अशक्त वीज तयार होते. ही वीज लांब केबलमधून अँपपर्यंत जाते, तेव्हा वाटेत आवाजाची धार गळते, कारण केबल स्वतःच एखाद्या लहान कपॅसिटरसारखी वागते आणि वरचे स्वर खाऊन टाकते. मिरवणुकीत अँप पुढे गाडीवर आणि वादक मागे चालत असतो. केबल तीस-तीस फुटांची. प्रीअँप गिटारीतच असला, तर तो त्या अशक्त विजेला घरातून निघतानाच बळ देतो. मग केबल लांब असली तरी बिघडत नाही.

ही कल्पना नवी नाही. लिओ फेंडर यांनी 1951 साली ‘प्रिसिजन’ ही बेस गिटार बाजारात आणली, तिच्यात बॅटरी नव्हती. मोठ्या संख्येने बनलेल्या आणि आत प्रीअँप असलेल्या सुरुवातीच्या गिटारींपैकी ‘म्यूझिक मॅन स्टिंगरे’ आली ती 1976 मध्ये. त्या कंपनीतही फेंडर होतेच.

मेकॅनिककाकांनी लाकडाला हात लावण्याआधी गिटार जोडून नुसती कान देऊन ऐकली. घूं असा आवाज येत होता. आतली अर्थिंगची वायर सुटत आली होती. ती त्यांनी डाख देऊन जोडली. म्हणाले, “प्रीअँप आवाज मोठा करतो, तसा हा घूंकारही मोठा करतो. आधी दुखणं काढा, मग टॉनिक द्या.” हा घूंकार येतो घराघरातल्या विजेतून. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र 1915 साली सुरू झाले, त्या गावात बसून हे ऐकताना मला गंमत वाटली. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्याला जो स्वर लागतो, त्याची आवर्तने एकोणपन्नास. म्हणजे विजेचा घूंकार थेट खर्जाच्या घरातच घुसतो. नॉब फिरवून तो काढायला गेलात, तर स्वरही जातो.

मग त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. तेच सर्किट एका पत्र्याच्या डबीत बसवून दिले. डबी कमरेच्या पट्ट्याला, गिटारपासून डबीपर्यंत हातभर वायर. “चार कार्यक्रम वाजव. फरक पडला तरच कोरू.”

पहिल्या कार्यक्रमात पुतण्याने खर्जाचा नॉब पूर्ण चढवला. स्पीकर फडफडायला लागला आणि बेस आणखीच ऐकू येईना. याचे कारण समजण्यासारखे आहे. बेसची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे एकेचाळीस वेळा थरथरते. आपल्याकडचे गाडीवरचे स्पीकर इतके खाली नीट उतरतच नाहीत. आपला कान त्या स्वराच्या वरच्या पटी ऐकतो, ब्याऐंशी, एकशे तेवीस, आणि मूळ स्वर मनाने पुरा करतो. नॉब बारा डेसिबल चढवला, तर तेवढ्या भागासाठी अँपला सोळापट ताकद लागते. ती त्याच्याकडे नसते. तो कण्हू लागतो.

दुसऱ्या वेळी त्याने उलटे केले. सगळे नॉब मध्यावर, म्हणजे काही वाढवायचे नाही, काही कमी करायचे नाही. खर्ज मध्यापासून किंचित खाली. मधल्या पट्टीचा नॉब थोडा वर. बेसला शब्दासारखा उच्चार येतो तो या मधल्या पट्टीत, साधारण चारशे ते आठशे आवर्तनांच्या आसपास. वरची पट्टी बेंजोसाठी मोकळी सोडली. आवाजाची एकूण पातळी ठरवायला सर्किटमध्ये एक बारीक स्क्रू असतो. सर्वांत जोरात वाजवून बघायचे, स्वर फाटला की स्क्रू थोडा मागे घ्यायचा. त्या रात्री ढोलवाल्या पोराने मागे वळून त्याच्याकडे पाहिले. पुतण्याला तेवढे पुरे झाले.

यावरून निवडही ठरली. खर्ज आणि तीव्र अशा दोनच नॉबांचे सर्किट स्वस्त असते, जागाही कमी लागते. पण आम्हाला हवी होती मधली पट्टी, म्हणून तीन नॉबांचे घेतले.

तिसऱ्या कार्यक्रमात फजिती झाली. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी भर हळदीत संपली. चूक आमचीच. केबल जॅकमध्ये घातली की सर्किट चालू होते आणि काढेपर्यंत चालूच राहते. पोराने दोन दिवस केबल तशीच ठेवली होती. मेकॅनिककाकांनी ऐकून घेतले आणि सर्किटला एक खटका जोडला. खटका दाबला की प्रीअँप बाजूला, पिकअपचा आवाज सरळ बाहेर. बॅटरी गेली तरी कार्यक्रम अडत नाही.

आता राहिला कोरण्याचा प्रश्न. मापे घेतली. सर्किट गिटारीतल्या जुन्या खाचेत बसत होते. बॅटरी बसत नव्हती. तिच्यासाठी साधारण पाच सेंटीमीटर लांबीचा खळगा मागच्या बाजूला पाडावा लागणार होता.

मी वहिनींना काही समजावले नाही. पुतण्याला एवढेच म्हटले, घरी छोट्या अँपवर डबी लावून वाजव. त्याने वाजवले. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, म्हणाल्या, “छान आहे. पण हा त्यांचा आवाज नाही.” त्याने खटका दाबला. तोच स्वर जरा मऊ, जरा मागे सरकलेला झाला. वहिनी दारातच उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “कोरा. पण हा खटका कधी काढायचा नाही.”

श्रोतेहो, कविसंमेलनात मी स्वतः पुष्कळदा माइकवाल्याला आवाज वाढवायला सांगितले आहे. हल्ली आधी विचारतो, कमी काय करता येईल? बेंजोवाल्या पोरांनाही माझे सांगणे एवढेच. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायचा असतो, हा नियम 2000 सालापासून आहे. हातात वेळ थोडा असतो. तो एकमेकांवर आवाज चढवण्यात घालवू नका. कार्यक्रमाआधी बॅटरी बदला, नॉब मध्यावर आणा, आणि शेजारचा काय वाजवतो आहे ते ऐका.

पुतण्या परवाच खालापूरकडची एक हळद वाजवून आला. घरी आल्यावर पहिले काम त्याने केले ते केबल काढून ठेवण्याचे.