उगमाकडचे आकाश



नागपूरच्या सपाट प्रदेशात राहणाऱ्यांनी डोंगरावरील हवामानाचा अभ्यास कशासाठी करावा, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मोवाडने दिले आहे. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या महापुराने नागपूर जिल्ह्यातील हे गाव उद्ध्वस्त केले आणि दोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. ही वर्धा उगम पावते ती मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात, मुलताईजवळ, सातपुड्याच्या पठारावर. म्हणून नदीकाठच्या माणसाने केवळ आपल्या डोक्यावरचे आकाश पाहून भागत नाही. उगमाकडचे आकाशही त्याला वाचता आले पाहिजे.

डोंगरावर पाऊस अधिक का पडतो? बाष्पाने भरलेला वारा डोंगराला अडला की वर चढतो, चढताना थंड होतो आणि बाष्पाचे पाणी होते. पलीकडे उतरताना तोच वारा तापून कोरडा होतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस पडतो. घाट उतरून वाईस येताच तो १,००० मिलिमीटरच्या आत येतो. आपल्याकडे गाविलगडच्या डोंगरावरील चिखलदऱ्यालाही पायथ्याच्या अचलपूरपेक्षा पुष्कळ अधिक पाऊस मिळतो. साहजिकच संपूर्ण जिल्ह्यासाठी दिलेला अंदाज प्रत्येक उतारावर सारखा लागू पडत नाही.

विदर्भापुरती आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बंगालच्या उपसागरात निर्माण होणारी कमी दाबाची क्षेत्रे बहुधा छत्तीसगड व मध्य प्रदेशावरून पश्चिम-वायव्येकडे सरकतात, आणि त्यांचा सर्वाधिक पाऊस बहुतेक वेळा नैर्ऋत्य भागात पडतो. असे क्षेत्र पूर्व मध्य प्रदेशात आल्याचे कळताच सातपुड्याच्या पायथ्याने सावध झाले पाहिजे.

येथे रडारचे मोठे साहाय्य होते. पण त्यालाही मर्यादा आहेत. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याचा किरण दूर जाताना जमिनीपासून उंच होत जातो आणि मध्ये डोंगर आल्यास अडतो. दूरच्या उतारावरील खालचे ढग त्यामुळे निसटू शकतात. ही उणीव भरून काढतो तो साधा पर्जन्यमापक.

तेव्हा आपण तीन गोष्टी शिकाव्यात. पहिली, इशाऱ्याची भाषा. चोवीस तासांतील ६४.५ मिलिमीटरपासूनचा पाऊस जोरदार, ११५.६ पासूनचा अति जोरदार आणि २०४.४ च्या वरचा अत्यंत जोरदार समजला जातो. पिवळा रंग सावध राहण्यास सांगतो, नारिंगी सज्ज राहण्यास आणि लाल प्रत्यक्ष कृती करण्यास. दुसरी, प्रादेशिक हवामान केंद्राकडून आपल्या जिल्ह्याचा इशारा घेतानाच नदीच्या वरच्या जिल्ह्याचाही घेणे. वर्धाकाठच्या गावांनी बैतूलचा इशारा पाहिलाच पाहिजे. तिसरी, शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी साडेआठ वाजता नोंद करणे. जवळचे झाड वा भिंत जितकी उंच, तिच्या किमान दुप्पट अंतरावर तो असावा.

वरच्या गावातील गुरुजींनी मोठ्या पावसाची नोंद तत्काळ खालच्या ग्रामपंचायतीस कळविली, तर रात्रीचे काही तास हाती येतात. म्हातारी माणसे, मुले आणि गुरेढोरे उंचावर हलविण्यास तेवढा अवधी बहुमोल ठरतो. पाऊस थांबविणे आपल्या हाती नाही. त्याची वार्ता पाण्याच्या आधी पोचविणे मात्र निश्चितच आहे.