पन्नास सह्यांचे मुखत्यारपत्र : सार्वजनिक काकांचे स्मरण

(इरुंगाट्टुकोट्टै येथील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात एखाद्या थोर पुरुषाचे स्मरण करावयाचे, तर समोर बसलेले श्रोते कोण आहेत याचा विचार प्रथम करावा लागतो. येथे जमलेल्यांपैकी बहुतेकांनी उदरनिर्वाहासाठी महाराष्ट्र सोडला आणि चेन्नईजवळच्या या औद्योगिक वसाहतीत आपले बिऱ्हाड मांडले. घरात मराठी, बाजारात तमिळ, कचेरीत इंग्रजी असा त्यांचा दिवस जातो. परमुलखात माणसाला अन्नवस्त्र मिळते. पण अडचणीच्या वेळी आपली बाजू नीट मांडणारा कोणी भेटेल की नाही, ही धास्ती मनात असते. म्हणूनच, दुसऱ्याच्या वतीने कसे बोलावे याचा धडा ज्यांनी घालून दिला, त्या गणेश वासुदेव जोशी यांचे चरित्र आजच्या प्रसंगी उचित ठरावे. पुण्याने त्यांना 'सार्वजनिक काका' म्हटले आणि त्याच नावाने ते इतिहासात राहिले.

गणेश वासुदेवांचा जन्म १८२८ साली साताऱ्याचा. आरंभी त्यांनी सरकारी नोकरी केली. पुढे वकिलीची परीक्षा देऊन पुण्यात वकिली सुरू केली. 'वकील' हा शब्द आपल्याकडे इंग्रजी न्यायालयांच्या आधीपासून आहे. पेशवाईत एका दरबाराचा माणूस दुसऱ्या दरबारी राही, तोही वकीलच. धन्याने सोपविले तेवढेच बोलावयाचे आणि जे घडले ते धन्यास कळवावयाचे, हा त्या पदाचा धर्म. काकांच्या सार्वजनिक कार्याचे मूळ त्यांच्या व्यवसायाच्या या धर्मात आहे.

पुण्यातील पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी लोकांत असंतोष होता. त्याची तड लावण्याच्या खटपटीतून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. औंधच्या पंतप्रतिनिधींसारखे संस्थानिक तिचे पहिले अध्यक्ष झाले, तरी सभेचा भार वाहिला तो काकांनी. सभेची गाठ लवकरच देवस्थानापेक्षा मोठ्या प्रश्नांशी पडणार होती. सरकारदरबारी तक्रार नेणाऱ्यास पहिला प्रश्न ठरलेला असे : आपण कोणाच्या वतीने बोलता? चार प्रतिष्ठित गृहस्थांनी एकत्र बसून रयतेच्या नावाने अर्ज करावा, ही त्या काळची रीत. तो अर्ज बाजूला सारणे सरकारला अवघड नव्हते.

काकांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या पेशातूनच काढले. अशिलाच्या सहीच्या वकीलपत्राशिवाय वकिलास न्यायालयात उभे राहता येत नाही. तोच नियम सभेला लावला गेला. सभेचा सभासद होऊ पाहणाऱ्याने किमान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असे ठरले. आरंभी असे पंचाण्णव सभासद झाले आणि त्यांच्यामागे सुमारे सहा हजार लोकांची संमती होती. या देशात मताचा हक्क नव्हता, निवडून दिलेले विधिमंडळ नव्हते, काँग्रेसची स्थापना व्हावयास अजून पंधरा वर्षे होती. अशा वेळी पन्नास दारे झिजवून 'तुमच्या वतीने मी बोलू का?' असे विचारणे ही लहान गोष्ट नव्हती.

या मुखत्यारपत्राचे मोल दुष्काळात कळले. १८७६ ते १८७८ या काळात दख्खन, म्हैसूर आणि मद्रास इलाखा होरपळून निघाला. खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराचा शिधा दिवसाला एक पौंड धान्य आणि थोडे पैसे इतका खाली आणला. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही कमी. तेवढ्यावर दिवसभर खडी फोडावयाची. सार्वजनिक सभेने तालुक्यातालुक्यांतून माहिती मिळविली आणि लोकांचे हाल सरकारपुढे लेखी मांडले. न्यायमूर्ती रानडे तेव्हा पुण्यात होते. त्यांची अभ्यासू बुद्धी आणि काकांची अखंड धडपड यांची येथे जोड झाली. इकडे मद्रासेत डॉक्टर कॉर्निश या आरोग्य अधिकाऱ्यानेही त्या तुटपुंज्या शिध्याला विरोध केला होता. चेन्नई शहरातून जाताना आपण जो बकिंगहॅम कालवा ओलांडतो, त्याचा कूवम आणि अड्यार या नद्यांना जोडणारा भाग याच दुष्काळात, उपाशी माणसांच्या हातांनी खोदला गेला. पुण्याच्या सभेचे अर्ज आणि चेन्नईचा तो कालवा एकाच संकटाची स्मृती आहेत.

काका नुसते अर्ज लिहिणारे नव्हते. १२ जानेवारी १८७२ रोजी त्यांनी स्वदेशी वापरण्याची शपथ घेतली. स्वतः सूत काततील आणि त्या सुताचेच कापड अंगावर घालतील, हा नेम धरला. देशी मालाची दुकाने निघावीत, देशी कारागिराला गिऱ्हाईक मिळावे, यासाठी ते गावोगाव हिंडले. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबार भरला. रत्नजडित पोशाखांच्या त्या मेळ्यात सभेचा हा प्रतिनिधी जाड्याभरड्या खादीत गेला आणि सभेच्या मानपत्रातून हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचे स्थान मागण्यात आले. महात्मा गांधी तेव्हा सात वर्षांचे होते.

कज्जेदलालीवर ज्याचे पोट, त्या वकिलाने कज्जे कमी व्हावेत म्हणून झटावे, हेही विलक्षणच. लोकांचे तंटे लवादाने, थोड्या खर्चात मिटावेत यासाठी सभेने लवाद कोर्टाचा उपक्रम चालविला आणि काकांनी तो मनापासून उचलून धरला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी १८७१ च्या सुमारास स्त्रीविचारवती सभा काढून हळदीकुंकवाच्या निमित्ताने स्त्रियांना एकत्र आणले. घराचा उंबरठा न ओलांडणाऱ्या स्त्रियांसाठी ते एक व्यासपीठ होते.

त्यांच्या आयुष्यातील खरी कसोटी १८७९ साली आली. वासुदेव बळवंत फडके यांनी इंग्रजांविरुद्ध सशस्त्र बंड केले आणि जुलै महिन्यात ते पकडले गेले. काकांचा मार्ग अर्जविनंतीचा, कायद्याचा, फडक्यांचा तलवारीचा. शिवाय पुण्याच्या पुढाऱ्यांकडे सरकार संशयाने पाहत होते आणि रानड्यांना त्याच वर्षी धुळ्यास पाठविण्यात आले होते. बंडखोराचे वकीलपत्र घेणे म्हणजे तो संशय स्वतःवर ओढवून घेणे. तरीही काका न्यायालयात फडक्यांच्या बाजूने उभे राहिले. निकाल जन्मठेप काळ्या पाण्याचा लागला. फडक्यांना एडनला नेण्यात आले आणि १८८३ साली तेथेच त्यांचा अंत झाला. खटला हरला, तरी आरोपीस कोणी बोलणारा नव्हता असे पुण्याविषयी म्हणण्याची वेळ आली नाही. त्यानंतर वर्षभराच्या आतच, २५ जुलै १८८० रोजी, बावन्नाव्या वर्षी काकांचे निधन झाले.

गौरवाच्या भरात एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. सभेचे नाव सार्वजनिक असले तरी तिच्यात उच्चवर्णीय, सुशिक्षित मंडळींचेच प्राबल्य होते. महात्मा जोतीराव फुले यांनी या उणिवेवर कठोर टीका केली आणि शेतकरी, शूद्रातिशूद्र यांचे म्हणणे कोण मांडणार, हा प्रश्न सर्वांपुढे ठेवला. ती टीका रास्त होती. मात्र ती ज्या कसोटीवर उभी होती, ती कसोटी काकांच्या मुखत्यारपत्रातही होती : बोलणाऱ्याच्या पाठीशी कोणाची संमती आहे? पन्नास सह्या कोणाच्या आणि कोणाच्या राहून गेल्या, हे विचारण्याची वाट त्या कागदानेच मोकळी केली.

आज सह्या गोळा करणे सोपे झाले आहे आणि न विचारता दुसऱ्याच्या नावाने बोलणे त्याहूनही सोपे. मोबाइलवरील गटात एखादा सदस्य 'सर्व पालकांच्या वतीने' असे लिहून मोकळा होतो. त्या सर्वांपैकी कितीजणांना त्याने विचारलेले असते? परगावी मंडळ काढताना, शाळेकडे निवेदन देताना, कारखान्यातील कंत्राटी कामगाराची तक्रार वर नेताना काकांची रीत आजही उपयोगी पडणारी आहे. आधी विचारावे, ऐकलेले लिहून काढावे, सोपविले तेवढेच बोलावे आणि परत येऊन काय झाले ते सांगावे. यादीत ज्यांचे नाव सुटले असेल, त्यांच्या दारी पुन्हा जावे. मग तो शेजारच्या खोलीत राहणारा ओडिशाचा वा बिहारचा मजूर का असेना.

मराठी माध्यमाच्या शाळेने साठ वर्षांत मुलांना काय दिले, याचा हिशेब गुणपत्रिकांत मांडता येतो. पण अडलेल्या माणसाचा अर्ज शुद्ध भाषेत लिहून देणारा, तो त्याला वाचून दाखविणारा आणि मगच त्याची सही घेणारा एखादा माजी विद्यार्थी या वसाहतीत असेल, तर शाळेचे शिकविणे कारणी लागले असे म्हणता येईल. सार्वजनिक काकांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.