तपासनिसाची सही



कामगार चळवळीतल्या माणसाने संगणकावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु यंत्राची महती गाण्याचा आमचा विचार नाही. त्या यंत्रामागे जे श्रम दडलेले आहेत त्यांच्याविषयी आम्ही बोलणार आहोत. आणि श्रम कोठेही असोत, ते आमच्या कक्षेतलेच आहेत.

गिरगावकरांना छापखान्याचा दाखला चटकन पटेल. खटाववाडीतल्या मौजेच्या छापखान्याची शुद्ध मुद्रणाबद्दल ख्याती होती. शिशाच्या खिळ्यांच्या काळात एखादा खिळा तुटका निघाला की तो ज्या ज्या पानात बसे ते ते पान बिघडे. म्हणजे खिळ्यांची पेटी चोख असणे ही एका पुस्तकाची नव्हे, साऱ्या पुस्तकांची गरज होती. संगणकाच्या व्यवहारात जिला ‘लायब्ररी’ म्हणतात ती अशीच खिळ्यांची पेटी होय. नाव वाचनालयाचे असले तरी तीत पुस्तके नसतात. वारंवार लागणारी कामे एकदाच नीट लिहून ठेवलेली असतात, आणि शेकडो प्रोग्रॅम ती तेथून उचलतात.

लिनक्स ही संगणकप्रणाली कोणा एका मालकाची नाही. तिचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा. जगभर विखुरलेल्या माणसांनी लिहिलेले सुटे भाग गोळा करून, एकमेकांशी बसवून, वापरणाराच्या हाती देणारे संघ आहेत. १९९३ साली इयान मर्डॉक यांनी सुरू केलेला डेबियन हा त्यांतला एक, २००३ साली निघालेला फेडोरा हा दुसरा. अशा ठिकाणी नवी लायब्ररी आणावयाची तर तिचे गाठोडे बांधावे लागते. त्याला पॅकेज म्हणतात.

फेडोराचा रिवाज पाहा. गाठोडे बांधणारा एक, तपासणारा दुसरा. स्वतःचे काम स्वतः मंजूर करता येत नाही. नवख्याला जुन्या जाणत्याची हमी लागते. तपासणारा एकेक प्रश्न विचारतो. परवाना खरोखर मुक्त आहे काय? मूळ लेखकाने प्रसिद्ध केलेला मजकूर आणि गाठोड्यातला मजकूर अक्षरशः एकच आहे काय? कोऱ्या यंत्रावर ते नव्याने तयार होते काय? दुसऱ्या लायब्ररीची नक्कल पोटात ठेवली असेल तर ती जाहीर केली आहे काय? कारण मूळ ठिकाणी दोष दुरुस्त झाला तरी नकलेत तो तसाच राहतो. हे सारे सर्वांना दिसेल असे नोंदले जाते. बंद दाराआड शेरा मारण्याची सोय नाही. कारखान्यातही असेच असते तर आमचे निम्मे तंटे मिटले असते!

परंतु नियमांची यादी पुरी झाली म्हणजे तपासणी संपली काय? हार्फबझ नावाची एक लायब्ररी आहे. पडद्यावर अक्षरे कशी जोडून दिसावीत हे ती ठरवते. फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस ही सारी तिच्यावर विसंबतात. आता ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द घ्या. एक चौपाटीसमोर पसरलेला, दुसऱ्या सह्याद्रीत. फरक एवढ्याशा रकाराचा. तो रकार बिघडला तर मराठी न जाणणाऱ्या तपासनिसाला, तो कितीही हुशार असो, पत्ता लागणार नाही. तेथे मराठी वाचणारा डोळाच हवा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मजकूर दाबून लहान करणारी एक्सझेड नावाची लायब्ररी आहे. तिचा मूळ सांभाळकर्ता विनावेतन राबत होता. २०२२ साली त्याने आपली प्रकृती आणि थकवा उघड सांगितला, तरी त्याच्यामागे तगादा चालूच राहिला. त्या सुमारास ‘जिया तान’ असे नाव घेतलेल्या कोणी मदतीचा हात पुढे केला, हळूहळू विश्वास मिळवला, आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घुसवला. त्याचा निर्णायक भाग सर्वांसमोरच्या मजकुरात नव्हताच, तो प्रसिद्धीसाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता. दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जादा लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकले. त्याने माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला सावध केले. डेबियन आणि फेडोरा यांच्या चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंत विष पोचले होते. पक्क्या आवृत्त्या थोडक्यात वाचल्या.

यातून काय घ्यावयाचे? एक्सझेड ही फार पूर्वी आत आलेली लायब्ररी. दारावरची कसून तपासणी प्रथम प्रवेशाच्या वेळी होते, पुढच्या प्रत्येक आवृत्तीला तिचा फेरा पडत नाही. तेथे सारी भिस्त सांभाळकर्त्यावर. आणि तोच थकलेला असेल तर? चोराने कुलूप फोडले नाही, त्याने दमलेला पहारेकरी हेरला.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. दमलेल्या हातांना विसावा ही मेहेरबानी नसून हक्क आहे, हे तेव्हापासून आपण म्हणत आलो. ते संगणकाच्या कामाला लागू नाही काय? कोणी म्हणेल, हे सेवाभावाचे काम, त्यात मजुरी आणू नका. मग आम्ही विचारतो, मुद्रितशोधकाला पगार मिळाला म्हणून त्याची नजर कधी मंद झाली काय? ज्या बँका, कंपन्या आणि सरकारी खाती या फुकटच्या पेटीतले खिळे रोज वापरतात, त्यांनी ती पेटी तपासणाऱ्यांच्या तासांचा मोबदला द्यावा. आणि एका माणसाच्या खांद्यावर असलेल्या कामाला दुसरा खांदा मिळवून द्यावा.

समोर बसलेल्या तरुणांना आमचे एवढेच सांगणे. तुम्हाला संगणक येतो आणि मराठीही येते. एखाद्या पॅकेजची तपासणी अंगावर घ्या. परंतु वाचल्याशिवाय सही करू नका, आणि ‘नाही’ म्हणावे लागले तर कचरू नका. न वाचता केलेल्या सहीपेक्षा कोरा कागद बरा. त्यावर निदान कोणी विसंबत तरी नाही.