बसक्या मोटारीची चाके



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आमचा विषय वाचून काही मंडळींना नवल वाटले असेल. उभा जन्म कामगार चळवळीत घालवलेल्या माणसाने बोनसवर बोलावे, महागाई भत्त्यावर बोलावे. अमेरिकेतल्या जुन्या मोटारींना कोणती चाके आणि कोणते टायर घालावेत, या उठाठेवीत त्याने कशाला पडावे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, हा विषय मुळात श्रीमंतांचा नाहीच. तो कारखान्यात राबणाऱ्या माणसांचा आहे. शिवाय आम्ही टायर कारखान्यातल्या कामगारांत बरीच वर्षे वावरलो आहोत. आमचे शालेय शिक्षण बेताचेच. जे काही शिकलो ते या माणसांकडून आणि सार्वजनिक वाचनालयातून. तेव्हा टायरविषयी दोन शब्द बोलण्याचा आमचा थोडाफार अधिकार आहे, असे आपण मानून चालावे.

प्रथम ही मोटार म्हणजे काय ते सांगतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात लॉस एंजलिस नावाचे मोठे शहर आहे. त्याच्या पूर्व भागात मेक्सिकन वंशाच्या लोकांची मोठी वस्ती. दुसऱ्या महायुद्धानंतर या वस्तीतल्या तरुणांच्या हाती थोडा पैसा खेळू लागला. पण नवी मोटार घेण्याइतका तो नव्हता. त्यांनी जुन्या शेव्हरोले गाड्या घेतल्या आणि स्वतःच्या हाताने सजवल्या. गोऱ्या तरुणांना त्या काळी वेगाचे वेड होते. यांनी उलटे केले. यांची गाडी सावकाश चालायची आणि जमिनीलगत बसलेली असायची. डिकीत वाळूची पोती टाकून, नाही तर स्प्रिंगांचे वेढे कापून गाडी खाली आणायची, रविवारी घरच्या मंडळींना आत बसवायचे आणि व्हिटिअर बुलेव्हार्ड या रस्त्यावरून लग्नाच्या वरातीच्या चालीने फिरायचे. या गाड्यांना तिकडे ‘लोरायडर’ म्हणतात. आपण तिला बसकी मोटार म्हणू.

आठवडाभर दुसऱ्याच्या यंत्रावर राबणाऱ्या माणसाला एक वस्तू तरी आपल्या मनाजोगती सुंदर करावीशी वाटते. आमच्या चाळीतला माणूस गणपतीच्या मखरावर रात्री जागवतो, त्याच जातीची ही हौस आहे. तिला हसण्याचे कारण नाही.

पण सरकारला ती खपली नाही. १९५८ पासून कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात एक कलम लागू झाले. पुढे त्याचा क्रमांक २४००८ असा होता. त्याचा आशय असा की, मूळ रचना बदललेल्या गाडीचा चाकांखेरीज कोणताही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. रिम म्हणजे टायर ज्यावर बसतो ते लोखंडी कडे. या नियमाला तांत्रिक आधार मुळीच नव्हता, असे आम्ही म्हणणार नाही. टायर फुटला की गाडी रिमवर येते. रिमच्या खाली काही लोंबत असेल तर ते रस्त्यावर घासते, आणि स्टिअरिंगचे दांडे किंवा ब्रेकची नळीच घासली तर माणसे मरतात. पण हाच नियम पोलिसांच्या हाती आला, तेव्हा एका विशिष्ट वस्तीतल्या तरुणांना अडवण्याचे ते सोयीचे साधन झाले, अशी त्या लोकांची तक्रार साठ-पासष्ट वर्षे राहिली. १९५९ मध्ये रॉन अगिर्रे या तरुणाने आपल्या कॉर्व्हेट गाडीला हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की कळ दाबून गाडी वर घ्यायची, तो गेला की पुन्हा खाली! कामगारांच्या कल्पकतेचा हा नमुना आम्हांला फार आवडतो.

आता चाकांकडे वळू. बसक्या मोटारीचा शौकीन आधी स्प्रिंगा कापतो आणि मग चाके शोधायला निघतो. हा क्रम चुकीचा आहे. गाडीची उंची आधी टायर ठरवतो, स्प्रिंग मागाहून. हे आकड्यांनीच पाहू.

टायरच्या बाजूवर १५५/८०-१३ असे आकडे असतात. टायरची रुंदी १५५ मिलिमीटर. बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १२४ मिलिमीटर. रिमचा व्यास १३ इंच. सगळे मिळून चाकाचा व्यास ५७८ मिलिमीटर होतो. या पंथात सर्वांत मान मिळालेली गाडी म्हणजे १९६४ ची शेव्हरोले इम्पाला. तिची मूळ चाके १४ इंची. आजच्या मापात तिला जवळचा टायर म्हणजे २०५/७५-१४. त्याचा व्यास भरतो ६६३ मिलिमीटर. फरक ८५ मिलिमीटरचा. तो वर-खाली निम्मा वाटला जातो. म्हणजे स्प्रिंगेला हात न लावता केवळ चाक बदलून गाडी सव्वाचार सेंटिमीटर खाली येते.

यातली गंमत पहा. टायरची बाजू १५४ मिलिमीटरवरून १२४ वर आली, म्हणजे रिमची कडही जमिनीकडे ३ सेंटिमीटर सरकली. कायद्याने रेषा आखली होती ती याच कडेवर. गाडी सव्वाचार सेंटिमीटर खाली आली, पण तिच्याबरोबर कायद्याची रेषाही तीन सेंटिमीटर खाली गेली. लहान चाकाचा हा फायदा कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्या कोणालाही दिसेल.

पण फुकट काही मिळत नाही, हे कामगाराला सांगायला नको. चाक लहान झाले की तेवढ्याच अंतराला त्याचे फेरे वाढतात. वेग दाखवणारा काटा ६० दाखवतो, तेव्हा गाडी खरोखर ५२ च्या आसपास चाललेली असते. ही झाली किरकोळ किंमत. खरी किंमत वजनाची आहे.

प्रत्येक टायरवर बोज्याचा आकडा छापलेला असतो. १५५/८०-१३ टायरवर तो साधारणपणे ७९ असतो. याचा अर्थ ७९ किलो नव्हे. तक्त्याप्रमाणे त्याचा अर्थ ४३७ किलो. चार टायरांचे मिळून १७४८ किलो. इम्पाला गाडीचे स्वतःचे वजन सुमारे १६०० किलो. तिच्यात चार माणसे बसली की झाले १८८०. म्हणजे हौसेने बायकामुलांना घेऊन निघालेला माणूस घरापासूनच जादा बोजा घेऊन निघतो. त्यात हायड्रॉलिक पंप असतील तर डिकीत बॅटऱ्या आल्या. एकेक बॅटरी पंचवीस-तीस किलोची. सहा धरल्या तर दीडशे किलो नुसत्या बॅटऱ्यांचेच. शिवाय वजन चार चाकांत सारखे वाटले जात नाही. आणि कळ दाबून गाडीचे एक चाक हवेत उचलले की सगळा बोजा उरलेल्या तिघांवर! टायर ओरडत नाही, अर्ज देत नाही. तो आतून तापत राहतो आणि एक दिवस फुटतो.

आपल्यापैकी वडील मंडळींना ५.२०-१४ हे माप ठाऊक असेल. मुंबईची काळी-पिवळी फियाट टॅक्सी, जिला पुढे प्रीमिअर पद्मिनी म्हणू लागलो, तिला हाच टायर लागत असे. शेवटच्या पद्मिनी टॅक्स्या ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. लॉस एंजलिसच्या बसक्या मोटारींना पूर्वी याच मापाचा पांढऱ्या पट्ट्याचा टायर लावण्याची मोठी चाल होती, आणि जुन्या वळणाचे शौकीन आजही तो शोधतात. पण पद्मिनी गाडी होती सुमारे ९०० किलोची, आणि इम्पाला १६०० ची! आपल्या टॅक्सीवाल्यांना विचारा, त्या टायरवर पाच माणसे आणि टपावर सामान घेऊन दादर ते सांताक्रूझ गेल्यावर त्याची काय दशा होई. तोच टायर दीडपटीहून जड गाडीला लावायचा म्हणजे काय, हे ते एका वाक्यात सांगतील.

मग करावे काय? शोभा सोडून द्यावी काय? मुळीच नाही. १४ इंची चाक ठेवावे आणि त्यावर १८५/७५ मापाचा टायर घ्यावा. त्याचा बोज्याचा आकडा ८९ असला, की चार टायरांची ताकद २३२० किलो होते. माणसे आणि बॅटऱ्या धरूनही काही शिल्लक राहते. व्यास ६३३ मिलिमीटर, म्हणजे गाडी दीड सेंटिमीटर खाली येतेच. उरलेले काम योग्य मापाच्या स्प्रिंगेने करावे. ज्याला १३ इंचीच हवे, त्याने बॅटऱ्या ठेवू नयेत, मागच्या बाकावर माणसे बसवू नयेत आणि गाडी मिरवणुकीपुरतीच काढावी.

आता रिमविषयी. बसक्या मोटारीचा दागिना म्हणजे शंभर तारांचे, चकचकीत मुलाम्याचे चाक. बहुधा ते १३ इंच व्यासाचे आणि ७ इंच रुंदीचे असते. १५५ च्या टायरला मान्य असलेली रिम मात्र साडेपाच इंचांपर्यंतच. रुंद रिमवर अरुंद टायर ओढून बसवला की त्याची बाजू ताणली जाते, आणि खड्ड्यात आपटल्यावर रिमची कड उघडी पडते. तारांच्या चाकाची निगाही वेगळी. एक तार सैल झाली की तिचा भार शेजारच्या तारांवर पडतो. त्या तुटू लागतात. सायकलच्या दुकानात चाक फिरवून ताऱ्या पिळताना आपण पाहतो, तेच काम इथे अधिक काळजीने करावे लागते.

चाक घेण्यापूर्वी चार गोष्टी पहाव्यात. एक, ब्रेकचा ड्रम किंवा डिस्क त्या चाकाच्या आत मोकळी फिरते काय. दोन, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि गाडी पूर्ण दाबून टायर मडगार्डला घासतो काय. मागच्या चाकांवर झाकण बसवायचे असेल तर ही तपासणी दुप्पट बारकाईने करावी; पुष्कळ जण त्यासाठी मागचा ॲक्सल कापून आखूड करून घेतात, ते काम जाणत्या वेल्डरकडेच द्यावे. तीन, गाडी खाली आली की पुढच्या चाकांचे माथे आत झुकतात आणि टायर आतल्या कडेने झिजतात. म्हणून अलाइनमेंट नव्याने करावी. चार, टायरची जन्मतारीख वाचावी. बाजूवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. हौसेची गाडी थोडी चालते; तिच्या टायरची नक्षी कोरी दिसते, पण रबर म्हातारे झालेले असते.

शेवटी एक दोरीची परीक्षा आहे. एका चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपासून समोरच्या चाकाचा टायर जिथे जमिनीला टेकतो तिथपर्यंत दोरी ताणावी. गाडीचा कोणताही भाग या दोरीच्या खाली लोंबत असेल, तर टायर फुटताच तो भाग रस्ता खरवडणार. ही परीक्षा पोलिसासाठी नाही, आपल्या पोराबाळांसाठी आहे. आपल्याकडे तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे फेरफार करता येत नाहीत; तेव्हा इथल्या हौशी तरुणांनी कापाकापी करण्यापूर्वी तेही ध्यानात घ्यावे.

कॅलिफोर्नियात मात्र चित्र बदलले. अशा गाड्यांच्या फेऱ्यांवर तिथल्या पुष्कळ गावांनी बंदी घातली होती. लोक संघटित झाले, गावोगावच्या सभांतून बोलले. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्याच्या नव्या कायद्यावर सही झाली आणि १ जानेवारी २०२४ पासून फेऱ्यांवरच्या बंद्या गेल्या. रिमच्या कडेचा नियमही गेला. आमच्या मते यानंतर जबाबदारी वाढली आहे. काल टायरची बाजू मोजायला पोलीस होता. आज ती मालकानेच मोजायची आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून आम्हांला खाली बसवत नाही. लॉस एंजलिसमध्ये एके काळी टायरही बनत आणि मोटारीही. गुडइयरचा तिथला कारखाना १९२० मध्ये सुरू झाला, साउथ गेट इथला फायरस्टोनचा १९२८ मध्ये. व्हॅन नाइस इथे जनरल मोटर्सच्या कारखान्यात शेव्हरोले गाड्या जोडल्या जात. १९८० च्या सुमारास दोन्ही टायर कारखाने बंद झाले. व्हॅन नाइसच्या कामगारांनी वस्तीतल्या लोकांना बरोबर घेऊन १९८० च्या दशकात कारखाना टिकवण्यासाठी झुंज दिली. काही वर्षे तो टिकला, आणि १९९२ मध्ये त्यालाही कुलूप लागले. कारखाने गेले, त्यांत बनलेल्या गाड्या राहिल्या. मालकांनी हिशेबातून काढून टाकलेली वस्तू लोकांनी जपली, पुसली, रंगवली आणि रविवारी रस्त्यावर आणली. म्हणून या हौसेबद्दल आमच्या मनात आदर आहे.

त्या आदरापोटीच आमचे सांगणे आहे की, चाक निवडताना दुकानदाराला पहिला प्रश्न ‘दिसेल कसे’ हा विचारू नका. ‘पेलेल किती’ हा विचारा. तीस वर्षे आम्ही माणसांच्या बाबतीत मालकांना हाच प्रश्न विचारत आलो.